सोराची पाळी

कॉफीची बोंडं लोण्यात सोडण्याआधी प्रत्येकाचं टोक दातांनी तोडावं लागतं, आणि त्या कामाला बसलेल्या बाईला बोलता येत नाही. बोकायोला आज ही गोष्ट चांगलीच पथ्यावर पडली होती. सकाळपासून घरात येणारा प्रत्येक जण तिला कसला ना कसला उपदेश करून जात होता, आणि ती नुसती मान हलवून पुढचं बोंड तोंडात धरत होती.

तिचा नवरा दबासो उद्या कारभाराचं आसन घेणार होता. गुरं राखून जगणाऱ्या बोरानांच्या पाच गटांना कारभारासाठी फिरून फिरून आठ-आठ वर्षं मिळतात, आणि बापानंतर चाळीस वर्षांनी ती पाळी मुलाकडे येते. बापाच्या आठ वर्षांत जे भोगलं गेलं ते मुलाच्या आठ वर्षांत पुन्हा दारात येऊन उभं राहतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आसनाच्या आदल्या दिवशी बापानं मुलाला समोर बसवून आपली वर्षं एकेक करून सांगायची. या घरात त्याला ‘वर्षं सोडणं’ म्हणत. काय येणार आहे ते कळलं तर माणूस निदान दार तरी लावून घेतो, असा त्यामागचा हिशेब.

म्हातारा गोलिचा पहाटेपासून तयार बसला होता. अंगावर धुतलेलं पांढरं वस्त्र आणि हातात काठी होती. चेहऱ्यावर मात्र गुरं आजारी असली की यायची तसली कळा होती. बोकायोनं ती पाहिली होती, पण सासऱ्याला विचारायचं कसं?

“आबांना झोप लागली नाही वाटतं,” ती शेवटी लोको आत्याला हळूच म्हणाली.

लोको ही गोलिचाची धाकटी बहीण. दोन दिवस चालत ती भाच्याच्या आसनासाठी आली होती. ऐन तारुण्यात विधवा झालेली, शब्द जपून वापरणारी बाई. ती दूध घुसळता घुसळता म्हणाली, “त्याला चाळीस वर्षं झोप लागलेली नाही, पोरी. आज काय नवं?”

बोकायो पुढं काही विचारणार, तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ तादिचाचा.

तादिचा हा दबासोचा धाकटा भाऊ. गुरांचा व्यापार करायचा आणि मालाची गाडी स्वतः चालवायचा. त्याच्याकडे दोन फोन होते, आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलायची कला त्यानं साधली होती. आत येताच त्यानं आत्याला वाकून नमस्कार केला, वहिनीच्या टोपल्यातलं एक बोंड उचललं आणि भावाशेजारी बसकण मारली.

“काम फत्ते! पाहुण्यांची सगळी गुरं आज पाण्यावर लागली. त्यांच्यामागं आपलीही रांगेत लावली. उद्या एवढी माणसं येणार, तहानलेली गुरं घेऊन कुणी आसनाला येतं का? शोभतं का ते?”

“आज आपली पाळी नव्हती,” दबासो म्हणाला. तो सावकाश बोलणारा माणूस होता. त्याचं वाक्य संपेपर्यंत तादिचाची तीन व्हायची.

“नव्हती, मी लावली. विहीर आपल्या खापरपणजोबानं खणलीय, पाळी लावायचा मान आपल्या घराचा. मान ठेवायचा कशाला, लोणच्यात घालायला?”

“आज कुणाची होती?”

“आपल्याच माणसाची. वारियोची.”

बोकायोच्या दातांतलं बोंड तसंच राहिलं. वारियो तिचा भाऊ.

“वहिनी, डोळे वटारू नका,” तादिचा हसत म्हणाला. “परक्याची पाळी काढली असती तर बोंब झाली असती. घरचाच माणूस म्हणून तर. तो समजून घेईल. मी फोन केला होता, पण त्याचा लागला नाही.”

लोकोचा घुसळणारा हात थांबला. हे फक्त बोकायोला दिसलं. दुधाचं भांडं मांडीवर तसंच धरून आत्या दाराच्या उजेडाकडे बघत राहिली.

विहिरीवरची गुरं तीन दिवसांतून एकदा पाणी पितात. पाळी गेली की पुढचे तीन दिवस कोरडे, आणि या कोरड्या ऋतूत वारियोची गुरं तिसऱ्या दिवशीच पाय ओढत येत. बोकायोनं मनातल्या मनात भावाच्या गाई आठवल्या. शिंग मोडलेली करडी. लग्नात तिच्याबरोबर यायची ती ऐन वेळी आजारी पडलेली तांबडी. पण दीर चारचौघांत हसून बोलत होता, सासरा समोर बसला होता, आणि उद्या नवऱ्याचं आसन होतं. तिनं बोंड तोडलं आणि टोक थुंकून टाकलं.

ऊन वर आलं तशी मंडळी आत जमली. झाडाखाली बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी बिदू हा म्हातारा साक्षीला आत आला. वर्षं सोडताना बाहेरचा एक कान लागतो. त्यानं सगळ्यांची विचारपूस केली: गुरं सुखात? लेकरं सुखात? पाऊस? पाऊस नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “नसू दे, शांती आहे ना? शांती असली की पाऊस लाजेकाजेस्तव तरी येतोच.” आणि सगळे हसले.

“आबा, सुरू करायच्या आधी एक सांगू?” तादिचा म्हणाला. “तुमच्या आसनाच्या तोंडावरच विहिरीची भिंत पडली. ती परत पडू नये म्हणून तुम्ही चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात दगड रचले, खांब लावले. आम्ही पोरं असताना आमच्याही पाठी मोडल्या त्यात. मी गेल्या साली ती अख्खी बाजू सिमेंटची करून टाकली. आता येऊ दे इतिहास. डोकं फोडून घेईल आणि जाईल परत!”

बिदूसुद्धा हसला. “काळाला सिमेंट माहीत नव्हतं, हे खरं.”

“काळ बदललाच आहे की, काका. पूर्वी आठ वर्षांत जे व्हायचं ते आता आठ महिन्यांत होतं. दुष्काळ दहा वर्षांनी यायचा, आता वर्षाआड येतो. सकाळी मोयालेच्या बाजारात भाव पडला की दुपारी मला इथं कळतं. एवढ्या घाईत परत फिरून यायला कुणाला वेळ आहे? जे गेलं ते संपलं. उद्या दादा बसेल ते नवीन पान.”

“आणि तू म्हणतोस तसं संपत असेल,” दबासो शांतपणे म्हणाला, “तर तू सिमेंट कशाला लावलंस?”

तादिचानं उगीच फोन काढून बघितला. दबासोची सरशी वर्षातून एखाद्या वेळीच व्हायची, म्हणून बोकायोला बरं वाटलं.

इतक्यात दाराशी सावली पडली. वारियो आला होता. पायांवर पोटऱ्यांपर्यंत धूळ, ओठ फुटलेले. पण चेहरा हसरा होता. त्याला उगीच हसायची सवयच होती, लहानपणी मार खातानाही तो हसायचा. त्यानं सगळ्यांना शांती विचारली, आत्याच्या पाया पडला आणि बहिणीकडे न बघता दाराजवळच बसला.

“दाजी, अभिनंदन. उद्या मोठे होणार तुम्ही.”

“पाणी घे आधी,” बोकायो म्हणाली.

त्यानं दोन घोट घेतले आणि भांडं परत दिलं. त्या दोन घोटांवरून बोकायोला सगळं कळलं. त्याची गुरं तहानलेली असली की तोही पोटभर पीत नसे.

“वारियो, पाळीचं मनावर घेऊ नकोस हं,” तादिचा म्हणाला. “घाईगर्दीत झालं.”

“छे, मनावर कसलं? आपल्याच घरचं कार्य.” वारियोनं हात झटकला. “मी त्यावर तोड काढलीय. सगळ्यांची गुरं पाणी पिऊन गेली की दिवेलागणीला मी दोघांना घेऊन उतरतो आणि काढतो पाणी. माझी पंधराच तर गुरं. बादली वर चढवायला आठ माणसांची साखळीच हवी असं कुठंय, तिघांत होईल. मधल्या पायरीवर लांब हात करून उभं राहायचं.”

धाडकन आवाज झाला. लोकोच्या मांडीवरचं दुधाचं भांडं खाली पडलं आणि दूध मातीत पसरलं. सांडलेल्या दुधाकडे कुणी बघितलं नाही, कारण म्हातारा गोलिचा काठीवर भार देऊन अर्धवट उभा राहिला होता.

“काय म्हणालास?” त्यानं विचारलं.

“काही नाही आबा. संध्याकाळी...”

“परत म्हण.”

वारियो गोंधळला. त्यानं बहिणीकडे पाहिलं. मग तेच परत सांगितलं, या खेपेला न हसता. म्हातारा हळूहळू खाली बसला.

“आबा, सुरू करा,” तादिचा घाईनं म्हणाला. “वहिनी, लोणी तापलं का?”

लोणी तापलं होतं. बोकायोनं बोंडं सोडली नाहीत. ती सोडली की फुटतात, फुटली की आशीर्वाद म्हणायचा, आणि आशीर्वाद म्हटला की वर्षं सांगून संपलेली असायला हवीत. तिनं भांडं निखाऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवलं. सासऱ्यासमोर तिनं कधी एवढंही केलं नव्हतं.

गोलिचानं सुरुवात केली. हे सांगणं त्यानं शेकडो वेळा केलं होतं आणि शब्द ठरलेले होते. “माझं पहिलं वर्ष उजाडायच्या आधीचं. मी आसन घेण्याच्या आदल्या दिवशी आपल्या विहिरीची उत्तरेची भिंत कोसळली. तिच्याखाली सोरा गेला. सोरा, माझ्या बहिणीचा नवरा. सोरा लोभी नव्हता, पण उतावळा होता. तो पाळी मोडून...”

हे वाक्य या भागात सगळ्यांना पाठ होतं. विहिरीच्या तोंडाशी पोरं धक्काबुक्की करू लागली की बाया ओरडत, “सोरासारखा उतरू नकोस!” बोकायोनंही आपल्या लेकरांना असंच दटावलं होतं. आणि आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की हे ती आत्याच्या देखतही किती वेळा बोलली असेल. शरमेनं तिचे कान तापले.

म्हातारा तिथंच अडकला होता. ‘पाळी मोडून’च्या पुढं त्याची जीभ जाईना.

“बोल ना, दादा,” लोको म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “चाळीस वर्षं बिनचूक म्हणतोस. आजच कुठं अडलास?”

“लोको...”

“मी काही बोलले नाही तेव्हा. आताही बोलणार नाही. तुझी वर्षं आहेत, तूच सोड.”

बिदूनं तोंडातली काडी काढून हातात धरली. गोलिचा दबासोकडे वळला. मुलाच्या डोळ्यांत बघायला त्याला वेळ लागला.

“सोरानं पाळी मोडली नाही,” तो म्हणाला. “पाळी त्याचीच होती. मी मोडली. दुसऱ्या दिवशी माझं आसन होतं. पाहुण्यांची गुरं आली होती. कुणाला तरी मागं सारायचं होतं, तर मी माझ्या मेव्हण्याला सारलं. म्हटलं, घरचाच माणूस. समजून घेईल.” त्यानं वारियोकडे पाहिलं. “सोरानं समजून घेतलंही. हसला. म्हणाला, सगळे गेले की दिवेलागणीला दोघा भावांना घेऊन उतरतो, मधल्या पायरीवर लांब हात करून उभा राहतो. त्या पायरीवर कुणी तसं उभं राहत नाही. पायरी निखळली आणि तिच्यामागून भिंत आली. भाऊ तेवढे वाचले. अकरा गाई वर उभ्या होत्या. त्या रात्रभर हंबरत होत्या.”

वारियो आपल्या हातांकडे बघत होता.

“मी भिंतीला टेकू देत राहिलो,” म्हातारा म्हणाला. “मला वाटलं, परत येईल ती भिंतच येईल. इतकी वर्षं लोकांना तेच सांगितलं आणि मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. आणि ती मोडलेली पाळी तर सकाळीच माझ्या घरात येऊन बसलीय, माझ्या धाकट्याच्या तोंडून बोलतेय, शब्दाला शब्द तेच.”

तादिचाचा चेहरा पांढरा पडला होता. तो वाईट माणूस नव्हता. बोकायोला त्याची दयाच आली. बापानं ज्याच्यापासून जपायला शिकवलंच नाही, ते त्याला कसं दिसणार होतं?

“मला... मला काय माहीत,” तो म्हणाला. मग सावरून हळू आवाजात, “ठीक आहे. वारियोला आज उतरू द्यायचं नाही, एवढंच ना? मी त्याला माणसं देतो. पण आबा, ही गोष्ट आज बाहेर नको. बिदूकाका, तुम्ही घरचे आहात. दादा, उद्यापर्यंत कळ काढ. आसन घे. मग तूच सांग सगळ्यांना. आसनावरच्या माणसाचं लोक ऐकतात. आज सांगितलंस तर उद्या तुला बसवतील की नाही कोण जाणे.”

हे बोलणं शहाणपणाचं होतं, आणि म्हणूनच बोकायोला भीती वाटली. दबासोनं या आसनासाठी पोरवयापासून विधी केले होते, उपास काढले होते, डोईवर केस राखले होते. आठ वर्षं तिनंही त्याच्याबरोबर पाळलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो विचार करत होता, नेहमीसारखाच सावकाश.

“मी पण हेच म्हटलं होतं,” गोलिचा पुटपुटला. “आसन घेतो, मग उद्या सांगतो. मग परवा. मग पाऊस आल्यावर. सोराचे भाऊ बोलले असते. आमच्या आईनं लोकोपुढं जमिनीवर बसून तिला विनवलं, आणि लोकोनं त्यांना गप्प केलं. माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठी नाही,” लोको म्हणाली. “आईसाठी. तुझ्यासाठी मी काहीच केलं नसतं तेव्हा. नंतर तू माझी पोरं पोसलीस, दूध कधी कमी पडू दिलं नाहीस, म्हणून राग धरायलाही जागा उरली नाही. फार वाईट केलंस ते.” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चाळीस वर्षांत आपल्या बहिणीला रडताना गोलिचानं पाहिलं नसावं, कारण तो लहान पोरासारखा तिच्याकडे सरकला आणि तिच्या पायांवर हात ठेवून बसून राहिला.

दबासो उठला. त्यानं कोपऱ्यातली आपली काठी घेतली.

“कुठं?” तादिचानं विचारलं.

“विहिरीवर. आपली गुरं पाण्यापर्यंत पोचली नसतील अजून.”

“दादा, दोन दिवसांची तहानलेली आहेत ती! परत फिरवलीस तर वासरं मरतील!”

“एखाददोन मरतील,” दबासो म्हणाला. त्याचा आवाज कापला, पण थांबला नाही. “वारियो, तुझी गुरं आण. बिदूकाका, तुम्ही या माझ्याबरोबर. तिथं शंभरेक माणसं असतील. जे इथं ऐकलंत ते मी तिथं बोलेन, तुम्ही फक्त खरं आहे म्हणा. उद्याचं उद्या.”

बिदूनं काडी परत तोंडात घातली. “तिथं बोललास तर तुझ्या बापाचं नाव जाईल, पोरा.”

“जाऊ दे,” गोलिचा खालून म्हणाला. “सोराचं नाव परत आणायचं तर कुणाचं तरी जागेवरून उठायलाच हवं. मीही येतो. मला धरा कुणीतरी.”

त्याला तादिचानं धरलं. दुसऱ्या कुणी पुढं व्हायच्या आत तोच उठला आणि त्यानं बापाच्या काखेत हात घातला.

विहिरीवर जे झालं ते पुढं बोकायोनं पुष्कळ जणांना सांगितलं, पण दबासो तिथं नेमका काय बोलला ते तिला धड आठवत नसे. फार मोठं काही बोललाच नाही तो. सोरानं पाळी मोडली नव्हती, माझ्या घरानं मोडली, आणि आज सकाळी पुन्हा मोडली, एवढंच. बिदूनं “खरं आहे” म्हटलं. कुणीतरी मागून शिवी दिली, कुणी “उद्या हाच बसणार का?” असं विचारलं, तोवर दबासो गाई वळवायला निघालाही होता. दबासोच्या गाई उतारावरून माघारी फिरवताना त्या फिरेनात, पाण्याचा वास त्यांच्या नाकात शिरला होता. तादिचानं गळ्यात हात घालून एकेक वळवली. त्याचा एक फोन खिशात वाजत होता, तो वाजत राहिला.

मग वारियोची पंधरा गुरं उतारावरून विहिरीच्या तोंडाशी, हौदापाशी आली. तिथून खाली पाण्यापर्यंत माणसांची साखळी उभी राहिली, आठ माणसं, जशी हवीत तशी. तळाशी, चिखलात, दबासो उतरला होता. पाणी काढणारे गाऊ लागले, गाईंना नावानं हाका मारणारं ते जुनं गाणं, आणि पहिली बादली हातोहात वर चढत आली.

वारियोनं ती हौदाच्या काठावर घेतली आणि ओतली नाही. तो लोकोकडे वळला.

“आत्या, ही तुमची. आधी सोराची पाळी होऊ दे. ती राहिलीय.”

लोकोनं दोन्ही हातांनी बादली घेतली. जिथं भिंतीखालून तिच्या नवऱ्याला काढलं होतं ती जागा दहा पावलांवर होती, तिथं आता सिमेंट होतं. आत्या तिथं पाणी वाहील असं बोकायोला वाटलं. साऱ्यांनाच वाटलं असावं, कारण गाणं थांबलं होतं. पण ती बाई बोराना होती, आणि कोरड्या ऋतूत पाणी जमिनीवर सांडत नाहीत. तिनं बादली हौदात रिकामी केली, आणि वारियोची शिंग मोडलेली करडी पुढं आली नि प्यायला लागली.

लोको तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. गोलिचा काठीवर वाकून तिच्या शेजारी येऊन थांबला.

“लोको,” त्यानं विचारलं, “आता दबासोच्या पोरापुढं काय येईल?”

“आज आपण जे केलं ते,” ती म्हणाली. मग विहिरीच्या तोंडाशी वाकून तिनं खाली हाक मारली, “दबासो, थांबलास का रे? सोराच्या गाई अकरा होत्या, एकच बादली झालीय. पाठव वर!”